सोवळ्यातला इनक्युबेटर

९ ऑगस्ट २००१, गुरुवार, संध्याकाळचे आठ. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधील आपल्या घराच्या बैठकीच्या खोलीत काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि हाताच्या इशाऱ्याने मला गप्प बसवले. बाहेर अजून उजेड होता. मी अमेरिकेत येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि माझ्या दोन्ही बॅगा तळघरात अर्धवट उघड्या पडल्या होत्या. काका म्हणजे वडिलांचे कॉलेजमधले मित्र. तीस वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून आलेले, नागरिकत्व घेतलेले आणि आदल्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांना अभिमानाने मत दिलेले.

राष्ट्राध्यक्ष त्या संध्याकाळी भ्रूणातील मूलपेशींविषयी बोलत होते. मी पुण्याहून ज्यासाठी आले होते, तो हाच विषय. वंध्यत्वाच्या उपचारांनंतर उरलेले, टाकूनच दिले जाणारे भ्रूण घेऊन त्यांतील पेशी तबकडीत वाढवायच्या. त्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या तर पेशींचा एक ‘वंश’ तयार होतो. या वंशापासून पुढे हृदयाची, मज्जेची, कोणतीही पेशी घडवता येईल अशी आशा होती. राष्ट्राध्यक्षांनी संशोधनावर बंदी घातली नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. बंदी पैशावर होती. त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या वंशांवर केंद्र सरकारचा पैसा खर्च करता येईल. त्यानंतर जन्मणाऱ्या वंशांवर एक सेंटही नाही.

“बघ, किती समतोल!” काका म्हणाले. “ना इकडचे दुखावले, ना तिकडचे.”

“काका, संध्याकाळी साडेसातला वेगळा केलेला भ्रूण नैतिक आणि नऊला केलेला अनैतिक? हा तर मुहूर्त झाला.”

“तू अजून नवीन आहेस. हा माणूस ठाम आहे. या देशाला ठामपणा लागतो.”

“तुम्ही दोघं आधी जेवून घ्या,” काकू आतून म्हणाल्या. “ठामपणा गार होत नाही, आमटी होते.”

मी हसले. त्या निर्णयाचे मला फार भय वाटले नव्हते. जुने वंश साठांहून अधिक आहेत असे सांगण्यात आले होते, आणि आकडा जाहीर करणारा माणूस तो तपासून घेतो असे मी तेव्हा गृहीत धरत असे. पुढे उघड झाले की त्यांपैकी प्रत्यक्ष हाती येणारे वंश वीस-बावीसच होते, आणि तेही उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेले. रुग्णाच्या शरीरात घालण्याच्या दृष्टीने ते जवळपास निकामी.

शिकागोतील ज्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी रुजू झाले, तिथल्या प्राध्यापकांनी यावर मार्ग काढला. एका धनिक कुटुंबाकडून त्यांनी देणगी मिळवली आणि मला नवा वंश तयार करण्याचे काम दिले: उंदराच्या पेशींचा स्पर्शही न झालेला, केवळ मानवी पेशींच्या थरावर वाढवलेला. मात्र देणगीचे काम आणि केंद्र सरकारच्या अनुदानाचे काम एकमेकांत मिसळता कामा नये, अशी अट होती. म्हणून एके सकाळी विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयातील अधिकारी बाई दोन प्रकारचे चिकट ठिपके घेऊन आल्या. जे सरकारच्या पैशाने घेतले त्यावर हिरवा ठिपका, जे देणगीतून घेतले त्यावर लाल. सूक्ष्मदर्शक, फ्रीजर, पिपेट, कात्री, कचऱ्याची बादली, बसायचे स्टूल. खोलीच्या मधोमध जमिनीवर पट्टी चिकटवली गेली. माझे नवे वंश लाल बाजूला. हिरव्या वस्तूचा त्यांना स्पर्श होता कामा नये.

माणसांनाही ठिपके होते, फक्त ते चिकटवलेले नव्हते. माझे विद्यावेतन देणगीतून येत असे; मी लाल. माझा नागपूरचा सहकारी डॉक्टरेट संपवून तिथेच नोकरीला होता आणि त्याचा पगार केंद्राच्या अनुदानातून येई; तो हिरवा. त्याने माझी तबकडी उचलून दिली असती तरी नियमभंग झाला असता. माझ्या विद्यावेतनातून मात्र दर महिन्याला केंद्राचा कर कापला जाई. माझा लाल पैसा तिकडे गेला की बिनतक्रार हिरवा होत असे. उलट प्रवास तेवढा निषिद्ध होता.

आईला फोनवर हे सांगितले. आई जीवशास्त्राची शिक्षिका. लग्नानंतर सासरचे सोवळे-ओवळे तिने चार वर्षे पाळले आणि पाचव्या वर्षी एका श्रावणात, सगळ्यांच्या देखत, साध्या सुती साडीवर पुरणाचा स्वयंपाक केला, ही आमच्या घरातली एकमेव क्रांती. ती खूप हसली.

“अगं, म्हणजे सोवळंच की हे! आणि सोवळ्यात रेशीम चालतं हं, सूत नाही. तुमच्याकडे काय चालतं?”

“देणगी चालते.”

“आणि विटाळ झाला तर? आमच्यात निदान आंघोळ करून पुन्हा नेसता यायचं.”

आमच्यात आंघोळीची सोय नव्हती. एक चूक झाली की प्रयोगशाळेचे सगळे अनुदान धोक्यात, आणि त्या अनुदानावर आमच्यातील बहुतेकांचे पगार, व्हिसा आणि घरभाडी अवलंबून.

२००४ सालच्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले. त्यानंतरच्या आठवड्यात काकूंकडे दिवाळीचा फराळ होता. काकांच्या अंगणातली प्रचाराची पाटी अजून काढलेली नव्हती. शेजारच्या घरासमोर विरोधी पक्षाची पाटी होती, आणि पंधरा वर्षे एकमेकांच्या घराच्या किल्ल्या सांभाळणारी ही दोन कुटुंबे त्या शरद ऋतूत एकमेकांशी बोलत नव्हती. आत आम्हा मराठी मंडळींचेही दोन तट पडले होते.

“अजून चार वर्षं, यार,” चकलीचा तुकडा मोडत एकजण म्हणाला. तो डाउनटाउनमधल्या एका बँकेत प्रोग्रॅमर होता. “इराकमध्ये शस्त्रं सापडली नाहीत, आणि लोक म्हणतात, ठीक आहे, कंटिन्यू करा.”

“तू मत दिलंस?” काकांनी विचारले.

“काका, मी व्हिसावर आहे.”

“मग चकली खा.”

सगळे हसले, तोही हसला. मला हसू आले नाही. ज्या सरकारने इराकमधून परतणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे घेऊ दिली नाहीत, ते सरकार तांदळाच्या कणाहून लहान पेशीपुंजांच्या पावित्र्यावर गहिवरून बोलत होते. मतभेद असू शकतो. प्रामाणिक धार्मिक माणसाशी वाद घालायला मला आवडते. इथे मला शिसारी आली ती श्रद्धेची नव्हे, हिशेबीपणाची. भ्रूण खरोखर माणूस असेल तर खासगी पैशाने त्याची ‘हत्या’ करणेही गुन्हा ठरवायला हवे होते. नसेल, तर माझ्या स्टुलावर ठिपका कशासाठी? हे मी काकांना विचारले. ते म्हणाले, “पोरी, फराळाला आली आहेस, का परीक्षा घ्यायला?”

२००५ च्या जानेवारीच्या मध्यावर माझे काम अखेर मार्गी लागले. आधीचे सगळे प्रयत्न फसले होते. संमती दिलेल्या जोडप्यांकडून मिळालेला भ्रूणांचा साठा संपला होता आणि नव्यासाठीची परवानगी नजीकच्या काळात मिळणार नव्हती. शेवटच्या भ्रूणातून मात्र पेशींच्या वसाहतींनी मूळ धरले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कडांना तेजस्वी, घट्ट, एकसंध दिसत. नवा वंश गोठवून राखीव ठेवता येतो, पण त्याआधी पुरेशा पेशी वाढाव्या लागतात, आणि माझ्यापाशी एकाच तबकडीच्या दोन खळग्यांत मावतील एवढ्याच होत्या. “अजून पंधरा दिवस यांना सांभाळ,” प्राध्यापक म्हणाले. “मग तुझा प्रबंध झालाच म्हणून समज.”

त्याआधी, डिसेंबरात, अधिकारी बाई पाहणीला आल्या होत्या. पेशी उबेत ठेवणाऱ्या कपाटाचे, म्हणजे इनक्युबेटरचे, तापमान घसरले की आपोआप फोन करून कळवणारे एक यंत्र भिंतीवर होते. त्याची एक वायर हिरव्या इनक्युबेटरला आणि एक लाल इनक्युबेटरला जोडलेली होती. यंत्रावर हिरवा ठिपका होता. बाईंनी स्वतः वाकून लाल इनक्युबेटरची वायर काढली, गुंडाळी करून नीट टेबलावर ठेवली आणि दुसरे यंत्र देणगीतून घ्या असे सुचवले. प्राध्यापकांनी मागणी नोंदवली. ते यंत्र अजून यायचे होते.

२२ जानेवारी २००५, शनिवार. दोनच दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्षांचा दुसरा शपथविधी झाला होता, आणि त्या भाषणात स्वातंत्र्य हा शब्द इतक्या वेळा कानी पडला होता की त्याचा अर्थ झिजून गेला होता. शिकागोत आदल्या दिवसापासून बर्फ पडत होते. संध्याकाळी काकूंकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते, म्हणून मी काळी रेशमी साडी, त्यावर जाड कोट आणि पायांत बर्फाचे बूट अशा अवतारात निघाले. वाटेत पेशींचे खाद्य बदलून नेपरव्हिलची गाडी पकडायची होती. देणगीच्या पैशात बसेल असा आमचा लाल इनक्युबेटर जुना, दुसऱ्याने वापरून विकलेला होता. दुपारी दोन वाजता त्याच्या आकड्यांकडे पाहिले: ३३.४. असायला हवे होते ३७. तापवणारी यंत्रणा सकाळीच कधीतरी बंद पडली होती आणि त्याच्या दुहेरी भिंतींतील पाणी हळूहळू उष्णता सोडत होते.

त्याच्या शेजारी, पट्टीच्या पलीकडे, दीड हातावर, हिरवा इनक्युबेटर होता. त्यातील काम डिसेंबरात संपले होते. तो रिकामा होता आणि बंद केल्यास बिघडतो म्हणून चालू ठेवलेला होता.

प्राध्यापक कॅलिफोर्नियात परिषदेला गेले होते. मी फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. “मला तुला हो म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “आणि नाही म्हणायची लाज वाटते. कार्यालयाला विचार.”

अधिकारी बाई घरी होत्या. मागे लहान मुलांचा आवाज येत होता. त्या अतिशय सौजन्याने बोलल्या.

“तुमची अडचण मला समजते. पण ते उपकरण तुम्हाला वापरता येणार नाही.”

“एका रात्रीपुरतेही नाही?”

“कालावधीचा उल्लेख नियमात नाही.”

“तुम्ही वायर काढली नसती तर मला सकाळीच फोन आला असता.”

“ती वायर नियमबाह्य होती,” त्या म्हणाल्या. “आणि कृपया त्या इनक्युबेटरचे दार उघडू नका. सोमवारी मला तशी लेखी नोंद लागेल.”

मी फोन ठेवला तेव्हा नागपूरचा सहकारी टोपीवरचे बर्फ झटकत आत येत होता. त्यालाही शेजारच्या खोलीतल्या त्याच्या पेशींना खाद्य द्यायचे होते. त्याने आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिले.

“काय करून राहिली तू? हलव ना तिकडे.”

“नाही म्हणाल्या.”

“अरे, म्हणू दे! मी काही पाह्यलंच नाही. मी तर आज आलोच नव्हतो.”

“खाली दारावर तुझं कार्ड लागलंय. तुझा पगार कुठून येतो?”

त्याने गळ्यातले कार्ड खिशात सरकवले.

“आणि बायकोचा कितवा महिना?”

“सातवा,” तो म्हणाला. “पण यार, तू माझ्यासाठी...”

“एकट्या तुझ्यासाठी नाही. या खोलीत माझ्याशिवाय सगळेच हिरवे आहेत.”

हे औदार्य नव्हते. मी जोखीम मांडून पाहिली होती. एका पारड्यात माझा वंश, म्हणजे माझी तीन वर्षे. दुसऱ्यात आठ जणांचे पगार. नोंदीत खोटे लिहून दोन्ही वाचवता आले असते. पण ज्या सरकारने आकड्यांशी खेळ केल्याचा मला राग होता, त्याच्यावर मात करण्यासाठी मी खोटा आकडा लिहावा, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटली.

उरला एकच उपाय: बाहेरून उष्णता द्यायची. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या तर तापमान वाढले असते. पण बाटल्या बदलण्यासाठी दार उघडावे लागणार, आणि दर वेळी आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणार. तो कमी झाला की पेशींचे खाद्य अल्कधर्मी होते. त्याचा नारिंगी रंग गुलाबी आणि मग जांभळा होतो. एक वाचवावे तर दुसरे जाते. तरीही हातावर हात ठेवून बसणे शक्य नव्हते. मी साडीवर प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला आणि लाल ठिपक्याच्या बाटल्या शोधू लागले.

“पाणी तापवायचं कशात?” सहकाऱ्याने विचारले. किटलीवर हिरवा ठिपका होता. “थांब, खालच्या कॅफेतून उकळतं पाणी घेऊन येतो. माझ्या खिशातून.”

“तुझ्या खिशात काय आहे?”

त्याने विचार केला. “पगारच. म्हणजे हिरवंच.” आणि आम्ही दोघेही हसलो, पण ते हसणे लवकर संपले. मी माझे पैसे त्याच्या हातात दिले.

तासाभराने काकूंचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता. “अगं, सगळ्या जमल्या. गाडी चुकली का?” मी थोडक्यात सांगितले. “मग गरम पाणी ठेव भोवती,” त्या लगेच म्हणाल्या. “मी थंडीत विरजणाला ठेवते तसं.”

“तेच करते आहे, काकू.”

“आणि थांब तिथेच. गाड्या उशिरा धावताहेत. काकांना पाठवते.”

पहिल्या बाटल्यांनी तापमान ३४.८ पर्यंत चढले. मग घसरले. पुन्हा बाटल्या, पुन्हा दार. प्रत्येक फेरीत काचेपलीकडचा रंग थोडा बदलत होता. नारिंगी गेला, गुलाबी आला. पाच वाजता मी तबकडी लाल सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वसाहतींच्या कडा सैल झाल्या होत्या. घट्ट धरून बसलेल्या पेशी एकेक करून सुटत होत्या. सहकारी पट्टीच्या पलीकडे उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून, चुकूनही कशाला स्पर्श होऊ नये म्हणून. “दाखव ना,” तो म्हणाला. मग त्यालाच आठवले. सूक्ष्मदर्शक लाल होता.

सात वाजता काका आले. एरवीच्या तासाच्या रस्त्याला त्यांना तिप्पट वेळ लागला होता. हातात तिळगुळाचा डबा, भुवयांवर बर्फ. खाद्य तोवर जांभळे झाले होते. त्यांनी टोपी काढली आणि एखाद्या इंजिनिअरने यंत्राकडे पाहावे तसे दोन्ही इनक्युबेटरांकडे पाहिले. मग पलीकडच्या आकड्यांवर बोट रोखले.

“हा चालू आहे की.”

“हो.”

“आणि रिकामा आहे.”

“हो.”

“मग यात का नाही ठेवलंस?”

“तुम्ही मत दिलंत म्हणून.”

मी हे शांतपणे म्हटले. तिळगुळाचा डबा हातात होता आणि गोड बोलणे मला शक्य नव्हते. काका त्या हिरव्या ठिपक्याजवळ गेले, चष्मा वर करून त्यांनी तो निरखला. एका रुपयाच्या नाण्याहून लहान, कडा थोडी उचकटलेली.

“मी यासाठी नव्हतं गं दिलं मत,” ते म्हणाले. “टॅक्ससाठी दिलं होतं.”

मला त्यांचा राग आला नाही. चाळीस मैल बर्फातून आलेल्या माणसाचा राग येत नाही. जी आली ती घृणा होती, आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्या कशाची तरी होती. एका करसवलतीसोबत माझी वायरही काढली जाते, आणि मत देणाऱ्याला ते घरी जाऊन आमटी खाताना कळतही नाही. या अजाणतेपणावर कुणीतरी विचारपूर्वक, आकडेमोड करून आपली सत्ता उभारली होती. त्या दोन्ही पाट्यांमागच्या घरांत राहणारी माणसे भांडत राहिली की काम भागत होते.

परतीच्या रस्त्यात तिळगुळाचा डबा माझ्या मांडीवर बंदच राहिला. पुढे दीड वर्षाने, निर्बंध सैल करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीतील पहिला नकाराधिकार नेमका त्यावर वापरला. त्या संध्याकाळी बातमी अर्ध्यावर असताना काकांनी टीव्ही बंद केला. २००८ च्या शरदात त्यांच्या अंगणात कोणतीच पाटी नव्हती. मी तोवर दुसऱ्या विषयावर प्रबंध पूर्ण केला होता.

पण त्या शनिवारनंतर, सोमवारी सकाळी, अधिकारी बाई वेळेवर आल्या. त्यांनी शोक व्यक्त केला. मला वाटते, तो खरा होता. मग त्यांनी नोंद मागितली. मी लाल इनक्युबेटरसमोर उभी राहिले आणि लिहिले: तापमान २२.१, एक तबकडी, पेशी मृत, विल्हेवाट लाल बादलीत. त्या थांबून राहिल्या. दुसऱ्या उपकरणाचीही नोंद लागेल, त्या म्हणाल्या, दार उघडले गेले नाही यासाठी. मी पट्टीच्या काठापर्यंत गेले, तिथूनच वाकून आकडा वाचला आणि लिहिला: हिरवा इनक्युबेटर, रिकामा, ३७.०.